मोहावी वाळवंटातल्या जुन्या वाटेवरचा झरा बघायचाय, कुठल्या झऱ्यावर जावं?

सुनंदा_मंगळवारपेठ

नमस्कार सगळ्यांना. आम्ही कोल्हापूरचे, मंगळवार पेठेतले. मुलगा लास वेगासला नोकरीला आहे, त्याच्याकडं नोव्हेंबरअखेर जातोय, तीन महिने मुक्काम आहे. त्यानं फिरायची यादी करून ठेवलीय, ग्रँड कॅन्यन, हूवर धरण, सगळं आहे त्यात, पण आमच्या ह्यांचं एकच चाललंय, मला तो जुन्या वाटेवरचा झरा बघायचाय.

जरा मागचं सांगते म्हणजे कळेल. हे हायस्कूलला भूगोल शिकवायचे, आता ६७ वर्षांचे आहेत. पन्हाळा ते पावनखिंड २२ पावसाळे चाललेत, शाळेची पोरं घेऊन, मसाई पठारावरच्या धुक्यात पोरं मोजत. तीन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते बंद झालं. तेव्हापासून घरात बसून जगभरातल्या जुन्या वाटांचं वाचतात. त्यात त्यांना हा मोहावी रोड सापडला, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातून जाणारा, कोलोरॅडो नदीपासून पश्चिमेला साधारण २२० किलोमीटर, आणि वाटेत झऱ्यांवर लष्कराची ठाणी होती म्हणतात. शंभर पानी वहीत त्यांनी पेन्सिलीनं ती वाट काढलीय आणि झऱ्यांच्या जागी निळी टिंबं दिलीत, चार टिंबं. रोज जेवण झालं की ती वही उघडून बसतात आणि मला सांगतात, हे बघ, इथून इथं एक दिवस.

मुलगा म्हणतो बाबा तिथं काही नाही, रस्ता नाही, नेटवर्क नाही. त्याचंही बरोबर असेल. पण मला वाटतं एक तरी टिंब ह्यांनी डोळ्यानं बघावं. तर कुणी गेलंय का? मुलाकडं साधी कार आहे, फोर बाय फोर नाही, हे काठी घेऊन किलोमीटरभर सावकाश चालतात, चढण नको, आणि पाणी खरंच असतं का तिथं का नुसती पाटी आहे, कारण एवढं जाऊन कोरडं निघालं तर ह्यांना लई लागेल मनाला.

रंकाळा_ते_सॅनदिएगो

काकू नमस्कार. मी मूळचा राजारामपुरीचा, आता १० वर्षं इकडं सॅन दिएगोत. मोहावी रोडवर दोनदा जाऊन आलोय, एकदा नीट आणि एकदा फसून, दोन्ही सांगतो.

काकांची चार टिंबं बहुतेक अशी असणार, पूर्वेकडून निघालं की पिऊट स्प्रिंग, मग रॉक स्प्रिंग, मग मार्ल स्प्रिंग्ज आणि शेवटी सोडा स्प्रिंग्ज. नदीपासून पिऊट ३५ किलोमीटरच्या आसपास, पुढचे दोन टप्पे ३०-३० चे, म्हणजे आपलं कोल्हापूर ते इचलकरंजी धरा, आणि मार्लपासून सोडा स्प्रिंग्ज सगळ्यात लांब, ५० च्या आसपास, कोल्हापूर-सांगली, तेही वाळूतनं, मधे पाण्याचा थेंब नाही. काका म्हणतात ते एक दिवस एक दिवस अगदी बरोबर आहे. खेचरांची गाडी दिवसभरात जेवढी जाईल तेवढ्यावर पुढचं पाणी, म्हणून वाट तिथनं गेली. सरळ रेघ मारली असती तर वाट दुसरीकडनंच गेली असती, पण सरळ रेघेवर पाणी नव्हतं.

आता तुमच्या कामाचं. पिऊट सगळ्यात देखणा, तिथं बारमाही ओढा वाहतो, काठाला वाळुंज आणि कॉटनवूडची झाडं आहेत आणि खाली १८६७ च्या दगडी ठाण्याच्या भिंती अजून उभ्या आहेत. पण तिथं साध्या गाडीनं जाता येत नाही, आणि गाडी ठेवून चालायचं तर काकांना ते अंतर आणि उतार झेपणार नाही. मार्ल स्प्रिंग्जचं नाव पण काढू नका. मी तिथंच फसलो. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी आणि एक मित्र भाड्याची उंच गाडी घेऊन गेलो, उंच म्हणजे नुसती उंच, चारही चाकं ओढणारी नव्हती. रस्त्यावर पत्र्याच्या छपराला असतात तशा आडव्या लाटा, गाडीचा खिळा न् खिळा वाजत होता, आणि झरा तीनेक किलोमीटर राहिला असताना मागची दोन्ही चाकं वाळूत गेली. जितका ॲक्सिलरेटर दाबला तितकी रुतली. फोनला रेंज नाही. चार तास बसलो, संध्याकाळी थंडी अशी पडली की दात वाजायला लागले, मग एक म्हातारं जोडपं जीपमधनं आलं, त्यांनी पट्टा लावून ओढून काढलं. टायर फाटलाच होता, आणि गाडी भाड्यानं देणाऱ्यांनी करारातली ओळ दाखवली की कच्च्या रस्त्यावर न्यायचीच नव्हती, सगळे पैसे आमच्याकडनं घेतले. म्हणून सांगतो, गाडी मुलाची स्वतःची आहे ते बरं आहे पण वाळूचा रस्ता दिसला की तिथंच थांबायचं, थोडं पुढं जाऊन बघू म्हणायचं नाही.

माझं मत, सोडा स्प्रिंग्जला जावा. त्याचं आताचं नाव झायझिक्स. लास वेगासहून इंटरस्टेट १५ नं बेकर गाव, तिथनं पुढं दहाएक किलोमीटरवर त्याच नावाचं एक्झिट, मग सातेक किलोमीटर आत, साधी कार आरामात जाते. सपाट जमीन, तळ्याभोवती चालायला पाव मैलाची वाट, आणि पाणी बारा महिने. एका बाजूला चुनखडीचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला नजर पोचेल तिथवर पांढरं कोरडं तळं, त्या दोघांच्या सांध्यात पाणी वर येतं. डोंगराच्या पायथ्याला ताडाची झाडं दिसतात ती नंतर लावलेली. स्प्रिंगर नावाच्या माणसानं १९४४ ला सरकारी जमिनीवर तिथं आरोग्यधाम काढलं, इंग्रजी शब्दांत सगळ्यात शेवटी यावं म्हणून जागेला ते नाव दिलं, १९७४ ला सरकारनं त्याला बाहेर काढलं. आता विद्यापीठाचं वाळवंट अभ्यास केंद्र आहे, दिवसा माणसं जाऊन बघू शकतात, फक्त तिथं पोरं शिकत राहत असतात तेवढं भान ठेवायचं.

अणुस्कुरा_पायवाट

सुनंदाताई, तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा. मीही शिक्षकच, इतिहासाचा, मलकापूरकडचा. मी अमेरिकेला गेलेलो नाही, पण या वाटेचं बरंच वाचलंय कारण माझा सगळा जीव घाटवाटांत आहे आणि मला हे दोन्ही एकच वाटतं.

आपल्या इथं बघा. राजापूर बंदरातनं माल वर यायचा तो अणुस्कुऱ्यानं. बैलांचे तांडे, पाठीवर मिठाची गोणी. त्या वाटेवर उतरत गेलं की तांडा कुठं थांबत असणार हे आजही सांगता येतं, जिथं कातळातनं पाझर आहे तिथंच चूल मांडल्याचे काळे दगड, तिथंच एखादा शेंदूर फासलेला देव. पन्हाळ्याहून विशाळगडाच्या वाटेवर पांढरेपाणी नावाचं गाव आहे, तुमच्या यजमानांना ठाऊकच असणार. गावाच्या नावातच पाणी. वाट कुणी आखत नाही ओ, पाणी आखतं, माणूस मागनं चालतो.

मोहावीचंही तसंच. लोक सैन्याचीच गोष्ट सांगतात पण सैन्य तिथं लई उशिरा आलं. ती वाट मोहावी लोकांची. नदीकाठी शेती करणारे लोक, लांब पल्ला पळायला पटाईत, पॅसिफिकच्या किनाऱ्यावरनं शंख-शिंपल्यांचे मणी आणायचे आणि आत पूर्वेकडं विकायचे. १७७६ साली गार्सेस नावाचा स्पॅनिश पाद्री या वाटेनं गेला तो मोहावी वाटाड्यांच्याच भरवशावर. ५० वर्षांनी, १८२६ ला, जेडेडाया स्मिथ हा फर गोळा करणारा अमेरिकन याच वाटेनं कॅलिफोर्नियात उतरला. पुढची मोहावी नदी मधेच वाळूत गडप व्हायची आणि काही अंतरावर परत वर यायची, तिला त्यानं चंचल नदी अशा अर्थाचं नाव ठेवलं. १८५७ ला बील नावाचा अधिकारी पश्चिम आशियातनं आणलेले उंट घेऊन कोलोरॅडो नदीवर पोचला, तेही खरं आहे, उंट नदीतनं पोहून गेले. १८५९ ला नदीवर फोर्ट मोहावी बांधला आणि त्याला रसद पुरवायची म्हणून पायवाटेची गाडीवाट झाली. झऱ्यांवरची लहान ठाणी त्याच्याही नंतरची, १८६६ ते ६८, टपालाच्या राखणीला. रॉक स्प्रिंगचं ठाणं जेमतेम वर्षभर टिकलं. १८६८ ला टपाल दुसऱ्या वाटेनं गेलं आणि १८८३ ला रेल्वे आली, मग कुणाला गरज राहिली नाही.

एक गोष्ट मला फार लागते ती लिहितो. ऑक्टोबर १८६७ ला मार्ल स्प्रिंग्जच्या ठाण्यात तीनच शिपाई होते, त्यांना वीसेक जणांनी वेढा घातला, रात्रभर तसंच, सकाळी योगायोगानं दीडशे सैनिकांची तुकडी आली म्हणून ते वाचले. ही गोष्ट सगळीकडं शौर्याची म्हणून सांगतात. शिपायांनी सोसलं हे खरंच आहे. पण वेढा घालणारे कोण होते? त्या रुक्ष मुलखात चेमेह्वेवी लोक पिढ्यान्पिढ्या राहत आले ते या झऱ्यांवर. शिकार तिथं, बी-बियाणं गोळा करणं तिथं, पोरंबाळं तिथं. आणि बरोब्बर त्याच पाण्यावर दगडी भिंत उभी राहिली आणि आत बंदुका. आपल्या गावच्या आडावर उद्या कुणी चौकी बसवली तर? तुमचे यजमान झऱ्यावर उभे राहतील तेव्हा त्यांना दोघांचीही आठवण असावी एवढंच.

आणि म्हणूनच मी म्हणेन झायझिक्स नको, रॉक स्प्रिंगला जा. झायझिक्सचं तळं माणसानं खोदलेलं आहे, झरा त्याच्या मागं दडलाय. रॉक स्प्रिंगला अजून कातळ आहे तसा आहे, कातळावर जुन्या लोकांनी कोरलेल्या आकृत्या आहेत, आणि एका शिपायानं १८६३ साल कोरून ठेवलंय. वाट बघायची तर तिथं.

रंकाळा_ते_सॅनदिएगो

सर, चेमेह्वेवी लोकांचं तुम्ही लिहिलंय ते मी तिथं जाऊनही मनात आणलं नव्हतं, खरंच. पण रॉक स्प्रिंगचा रस्ता पुढं कच्चा आहे ओ, सीडर कॅन्यन रोड सुरवातीला डांबरी आणि मग खडी-माती, पावसानंतर कसा असेल सांगता येत नाही. काकांना मधे रस्त्यात अडकवून ठेवायला नको म्हणून मी म्हटलं.

गडहिंग्लजची_लेक

मी हेंडरसनला राहते, लास वेगासच्या शेजारीच, त्यामुळं मला हे घरचंच. सुनंदाकाकू, दोघांचंही बरोबर आहे पण दोन्ही एका दिवसात करू नका, डिसेंबरमधे साडेचारला सूर्य मावळतो आणि अंधारात तिथं गाडी चालवायची नाही. दोन वेगवेगळे दिवस काढा, तीन महिने आहात.

रॉक स्प्रिंगला कोरड्या दिवसांत साधी कार जाते, मी माझ्या सासूबाईंना नेलं होतं, त्या ७१ च्या. आदल्या आठवड्यात पाऊस पडला असेल तर जायचं नाही, आणि निघायच्या आधी मोहावी नॅशनल प्रिझर्व्हच्या, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय संरक्षित क्षेत्राच्या, वेबसाइटवर रस्त्यांची अवस्था बघायची, ती ते लिहितात. इंटरस्टेट १५ वरनं सीमा (Cima) रोडला उतरायचं. त्या रस्त्यानं जाताना जोशुआ ट्रीचं रान लागतं, आपल्या घायपाताच्या कुळातलं झाड, हात वर केल्यासारख्या फांद्या. काकांना आधीच सांगून ठेवा की त्यातला मोठा पट्टा जळालेला दिसेल. ऑगस्ट २०२० मधे वीज पडून आग लागली, ४३ हजार एकर गेलं, १३ लाख जोशुआ ट्री जळाल्याचा अंदाज काढला होता. मी ते रान आधी बघितलंय म्हणून मला तिथनं जाताना अजून गाडीत बोलवत नाही.

मग केल्सोच्या दिशेला वळून सीडर कॅन्यन रोड, आठेक किलोमीटर पूर्वेला गेलं की उजवीकडं आत एक दगडी घर दिसतं, तिथं गाडी लावायची. ते घर १९२९ ला पहिल्या महायुद्धात विषारी वायूनं फुप्फुसं खराब झालेल्या एका सैनिकानं बांधलं, कोरडी हवा मानवेल म्हणून आला, आणि डॉक्टरांना वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त जगला, २५ वर्षं तिथंच. घरापासून खाली झऱ्यापर्यंत पायवाट आहे, पूर्ण फेरी मैलभराची, पण फेरी करू नका, गेलेल्या वाटेनंच परत या. शेवटी ओढ्याच्या पात्रातली वाळू आणि मोठे गोल दगड आहेत, तिथं काकांचा हात कुणीतरी धरायचा.

पाणी असतं का विचारलंत. असतं, पण धबधबा डोळ्यासमोर आणू नका. किल्ल्यावरचं कातळातलं टाकं असतं ना, त्यातलं अगदी लहान, तेवढं. डोंगरावर पडलेलं पाऊस-बर्फाचं पाणी खडकाच्या भेगांतनं खाली मुरत येतं आणि खाली अखंड कातळ आडवा आला की त्याला वर यावंच लागतं, तेच ते. उन्हाळ्यात कधी कधी हिरवट होतं. थंडीत बरं असतं.

थंडीचं मनावर घ्या. झरा समुद्रसपाटीपासून १४०० मीटरच्या वर आहे, म्हणजे महाबळेश्वरहून जरा उंचच, आणि वाळवंट म्हणून लोक पातळ कपड्यात जातात. कानटोपी, स्वेटर, मोजे. पाणी माणशी चार लिटर गाडीत, आत दुकान नाही, पेट्रोल पंप नाही, टाकी भरूनच निघायचं. जेवण बांधून न्या, मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेते. प्रवेश फी काही नाही. आणि दिवस गरम असला तर गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघायचं, सावलीला कासव येऊन बसतं, वाळवंटी कासव, संरक्षित आहे.

झायझिक्सला काकांना मासे दाखवा. मोहावी टुई चब म्हणून बोटभर मासा, आधी सगळ्या मोहावी नदीत होता, मग लोकांनी गळाला लावायला दुसरा मासा आणून सोडला आणि हा नदीतनं संपला, फक्त सोडा स्प्रिंग्जच्या एका लहानशा झऱ्यात उरला होता. त्यातनं परत वाढवलाय. अमेरिकेतल्या अगदी पहिल्या पहिल्या संरक्षित यादीतला, १९७० चा. त्या तळ्याला माणसानं खोदलेलं म्हणून सर नको म्हणाले, पण आज तो मासा त्याच तळ्यामुळं आहे सर.

अणुस्कुरा_पायवाट

हे मला माहीत नव्हतं. माझं म्हणणं मागं घेतो, दोन्ही बघावेत.

सुनंदा_मंगळवारपेठ

सगळ्यांचे किती आभार मानू. ह्यांना सगळं वाचून दाखवलं, सरांचं दोनदा वाचायला लावलं. अजून एक विचारायचं होतं. ह्यांची इच्छा आहे की झऱ्याचं थोडं पाणी लहान बाटलीत घेऊन यावं, आपण काशीहून आणतो तसं, आणि इथं आल्यावर पावनखिंडीत नेऊन ओतावं. चालेल का? आणि प्यायलं तर?

गडहिंग्लजची_लेक

काकू, पिऊ नका. रानगाढवं, कोल्हे, सगळे तिथंच पितात, उकळल्याशिवाय आणि गाळल्याशिवाय नाही. आणि न्यायचं म्हणाल तर, काकांच्या मनातलं मला कळतं, वाचून डोळ्यात पाणी आलं माझ्या, पण नका नेऊ. ते राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र आहे, दगड, खापर, शेंग, पान काहीच उचलायचं नाही असा नियम आहे. पाण्याच्या एका बाटलीनं कुणी अडवणार नाही कदाचित, तरी मला विचाराल तर त्या टाक्यात आहेच ओंजळभर. मेंढा येतो, बिगहॉर्न, मैल मैल चालून त्याच पाण्यावर. त्याच्यासाठी ठेवायचं. पाण्याजवळ जास्त वेळ गर्दी करून बसायचं नाही ते पण त्यामुळंच, आपण असलो की ते डोंगरावरच थांबून राहतात तहानेले.

रंकाळा_ते_सॅनदिएगो

काकू, मी काकांच्या जागी असतो तर पावनखिंडीचं पाणी पण इकडं आणलं नसतं, नाहीतर तेच म्हणतील की मग निदान इथलं तरी तिथं ओततो. बाहेरचं पाणी पण ओतायचं नाही, त्यातनं काय जाईल सांगता येत नाही, मासा असाच गेला ना नदीतनं. वही न्या त्यांची. तिथं बसून त्यावर लिहायला सांगा.

सुनंदा_मंगळवारपेठ

दोन महिन्यांनी लिहितेय, उशीर झाला. जाऊन आलो.

झायझिक्स आधी केलं, मुलाला सुट्टी होती तेव्हा. मासे दिसले, पहिल्यांदा नुसत्या सावल्या दिसल्या तळाला आणि मग डोळा सरावला की मासे. हे कठड्याशी बसून मोजत बसले, पोरं मोजायचे तसे. तिथल्या एका विद्यार्थिनीनं ह्यांना खऱ्या झऱ्याची दिशा दाखवली, डोंगराच्या अगदी पायाशी.

रॉक स्प्रिंगला डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो, त्याआधी दहा-बारा दिवस पाऊस नव्हता. सीडर कॅन्यनचा कच्चा रस्ता कोरडा आणि बरा होता, साधी कार सावकाश गेली, २५ च्या वर घेतली नाही. जळालेलं रान लागलं तेव्हा गाडीत कुणी बोललं नाही. दगडी घरापासून खाली उतरायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली, एका बाजूनं मुलगा, एका बाजूनं काठी. शेवटच्या दगडांत हे थांबले, मी म्हटलं बसू या इथंच, लांबून बघू. तर म्हणाले नको, वास आला पाण्याचा. आणि खरंच येत होता, ओल्या मातीचा, त्या एवढ्या कोरड्यात.

पाणी होतं. कातळाच्या बेचक्यात, परातीएवढं असेल, कडेला बर्फाची पातळ साय धरलेली. ह्यांनी काठी बुडवली, वीतभर भिजली. मग काठीवरचं भिजलेलं टोक बोटानं पुसून त्यांनी ते बोट कपाळाला लावलं, बाटली गाडीतच ठेवली होती. कोरीव आकृत्या बघितल्या, हात लावला नाही. १८६३ चं कोरलेलं शोधायला मुलगा लागला आणि त्यालाच सापडलं, नंतर त्यालाच हलेना तिथनं. मुलानं विचारलं बाबा हे शिपाई इथं दिवसभर काय करत असतील, तर हे म्हणाले वाट बघत असतील टपालाची, आणि जे डोंगरावर होते ते ह्यांची जायची वाट बघत असतील. सरांनी लिहिलेलं त्यांच्या मनात होतं.

वीस मिनिटांत उठलो, मेंढ्यांचं लक्षात ठेवून. वर घराजवळ येऊन जेवलो. तिथं ह्यांनी वही काढली आणि पेनानं दोन टिंबं गिरवली, खाली तारीख आणि वेळ. पिऊट आणि मार्ल अजून पेन्सिलीत आहेत.

तर रंकाळा ते सॅन दिएगो, तुम्हाला एक विचारायचं. फेब्रुवारीच्या शेवटी आमचं परतीचं विमान आहे. त्याआधी तुम्ही किंवा ओळखीतलं कुणी नीट फोर बाय फोर घेऊन पिऊटला जाणार असाल, तर खालच्या दगडी भिंतींपर्यंत गाडी कितपत जवळ जाते ते सांगाल का? मुलगा आता स्वतःच विचारतोय.